पडद्यावरची रेषा आणि आपली नजर

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. "बाबा हल्ली विसरू लागले आहेत, डॉक्टर. जे काम इतकी वर्षे डोळे मिटून केले, तेही जमेनासे झाले आहे. चिडचिड करतात, मग दिवसभर गप्प बसतात," असे त्यांनी खुर्चीत बसता बसताच सांगून टाकले. सासरे मान खाली घालून ऐकत होते. वय बहात्तर. आयुष्य पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून गेलेले. प्रारंभी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर, तर नोकरीच्या उत्तरार्धात संगणकावर ऑटोकॅड. निवृत्तीनंतरही त्यांनी रेषेची संगत सोडली नव्हती. वाई आणि मेणवलीच्या परिसरातील जुन्या वाड्यांची मापे घ्यायची आणि त्यांचे नकाशे तयार करून ठेवायचे, हा त्यांचा उद्योग. त्यांना मी काका म्हणतो. हे सारे त्यांच्या अनुमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील तेवढे बदलले आहेत.

विस्मृतीची शंका आली की आम्ही डॉक्टर मंडळी एक साधी चाचणी घेतो. कोऱ्या कागदावर घड्याळाची तबकडी काढायला सांगतो, त्यात आकडे भरायला लावतो आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवायला सांगतो. मी कागद पुढे करताच काकांनी विचारले, "स्केल काय घेऊ?" त्यांनी काढलेले ते घड्याळ मी अजून जपून ठेवले आहे. तासकाटा नेमका अकरावर नव्हता. दहा मिनिटांत तो जेवढा सरकेल, तेवढा अकराच्या पुढे होता. तारीख, वार, आदल्या रात्रीचे जेवण, तीन शब्द लक्षात ठेवून काही वेळाने पुन्हा सांगणे, सारे यथास्थित. मग जमेनासे झाले होते ते काय?

थोडे खोदून विचारल्यावर उलगडा झाला. वास्तुकलेचे शिक्षण घेणारा नातू सुट्टीसाठी घरी आला होता आणि आजोबांच्याच संगणकावर काम करत होता. त्याने आपल्या सवयीप्रमाणे ऑटोकॅडच्या सेटिंग्ज बदलल्या होत्या. काकांनी माऊसचे चाक पुढे फिरवले की नकाशा जवळ येण्याऐवजी दूर पळे, कारण नातवाला दुसऱ्या एका प्रणालीत चाक उलट चालवण्याची सवय होती. कर्सरच्या लांब रेषा आखूड झाल्या होत्या. उजवी कळ दाबली की आधीचा आदेश पुरा होण्याऐवजी एक लांबलचक यादी उघडे. काकांची बोटे पंचवीस वर्षांच्या सवयीने चालत, पडदा मात्र भलतेच उत्तर देई. आपल्याच हातून काहीतरी चुकते आहे, या समजुतीने ते खचले होते. नातवाला विचारले का नाही, असे मी म्हटल्यावर ते म्हणाले, "तो म्हणाला असता, आबा विसरले. घरात तेच तर चालले होते."

ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. खऱ्या विस्मृतीत माणूस ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकतो, एकच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारतो, वर्षानुवर्षे हाताळलेला गॅस पेटवताना गोंधळतो. त्याच्या भोवतीची वस्तू बदललेली नसते. तो बदललेला असतो. येथे वस्तूच बदलली होती. तेव्हा 'बाबांना जमत नाही' असे म्हणण्यापूर्वी, ज्यावर जमत नाही ते यंत्र गेल्या महिन्यात कोणी हाताळले, हे एकदा पाहावे. मोबाईलच्या बाबतीतही हे घडते. मुलगा दिवाळीला येतो, 'सगळे नीट करून' जातो आणि आईला मार्गशीर्षापर्यंत कोणाला फोन लावता येत नाही.

मला स्वतःला त्या वेळी कॅडमधले ओ की ठो कळत नव्हते. कॅड म्हणजे संगणकाच्या साहाय्याने आरेखन. ऑटोकॅड ही त्यातली 1982 सालापासून चालत आलेली प्रणाली, इतकेच ऐकून होतो. पुढच्या रविवारी काकांच्या घरी गेलो तो कुतूहलापोटी. नातू शरमला होता, पण पोर गुणी. आजोबा, नातू आणि मी असे तिघे दीड तास त्या पडद्यासमोर बसलो, आणि तेथे जे शिकलो ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. ज्यांच्या घरी निवृत्त अभियंता, आरेखक किंवा वास्तुविशारद आहेत, त्यांना हे थेट उपयोगी पडेल. इतरांनाही, पडदा आपल्या वयाला जुळवून घेता येतो, एवढे तरी उमगेल.

आदेशाच्या ओळीत इंग्रजीत 'ओपी' ही दोन अक्षरे टंकून एंटर दाबले की ऑप्शन्स नावाची चौकट उघडते. 'डिस्प्ले' या पानावर कर्सरच्या आडव्या-उभ्या रेषांची लांबी ठरवण्याची पट्टी असते. मुळात तो आकडा 5 असतो, म्हणजे पडद्याच्या शेकडा पाच. काकांना तो 100 हवा होता. तेव्हा त्या दोन रेषा पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. नातवाला त्याने डोळ्यांपुढे जाळे आल्यासारखे वाटे. काकांना मात्र तो त्यांचा टी-स्क्वेअर होता. एका कोपऱ्यातली भिंत दुसऱ्या कोपऱ्यातल्या भिंतीच्या ओळीत आहे की नाही, हे त्यांना त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळे. शिवाय, डोळे अधू झाले की आखूड कर्सर नकाशाच्या गर्दीत हरवतो, तो शोधण्यातच नजर शिणते. लांब रेषा हरवत नाहीत.

दुसरी गोष्ट हाताची. 'सिलेक्शन' या पानावर पिकबॉक्स असतो. रेषा निवडताना कर्सरबरोबर फिरणारा तो इवलासा चौकोन. त्याचे मूळ माप 3, आणि तेवढ्या चौकोनात बारीक रेषा पकडायची म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखेच. काकांचा हात किंचित थरथरत असे. मी त्यांना दोन्ही हात पुढे ताठ धरायला लावले, तेव्हा थरथर दिसली. हात मांडीवर सैल सोडले, तेव्हा ती थांबली. हा फरक महत्त्वाचा आहे. पार्किन्सनच्या आजारातली थरथर बहुधा हात स्वस्थ असताना दिसते. काकांची काम करताना, कपबशी उचलताना दिसे, आणि त्यांच्या वडिलांनाही तशीच होती. या दुसऱ्या प्रकारच्या कंपावर प्रोप्रॅनोलॉल हे औषध पुष्कळांना गुण देते, परंतु काकांना दमा आहे आणि दम्याच्या रुग्णाला ते देता येत नाही. दम्यासाठी ते घेत असलेल्या साल्ब्युटामॉलच्या फवाऱ्यानेही हात थोडे अधिक थरथरतात. फवारा आवश्यकच होता, तो बंद करण्याचा प्रश्न नव्हता. फवारा घेतल्यावर लगेच माऊस हाती घेऊ नये, इतकेच मी सुचवले.

पिकबॉक्स 3 वरून 8 वर नेला. रेषेची टोके दाखवणारे निळे ठिपके, ज्यांना ग्रिप म्हणतात, तेही त्याच पानावरून मोठे केले. चाकाची दिशा सरळ केली, आणि चाक एक खाच फिरवल्यावर नकाशा किती जवळ यावा हे ठरवणारा झूमफॅक्टर 60 वरून 20 वर उतरवला. आता नकाशा अंगावर धावून येत नाही, पावलापावलाने येतो. उजव्या कळीचे वर्तन 'यूजर प्रेफरन्सेस' या पानावरून पूर्ववत केले. तेथे एक फसवी सोय आहे: कळ झटकन दाबली तर एंटर, थोडी दाबून धरली तर यादी. त्यासाठीची मर्यादा मुळात 250 मिलिसेकंद, म्हणजे पाव सेकंद असते. तरुण बोटाला पाव सेकंद पुष्कळ झाला. संधिवाताच्या बोटाला तो पुरत नाही. ज्यांना ही सोय हवीच असेल त्यांनी आकडा वाढवावा, नाहीतर ती बंदच ठेवलेली बरी. ज्यांचे बोट कळ दाबून धरताना दुखते, त्यांच्यासाठी विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये क्लिकलॉक नावाची सोय आहे. कळ क्षणभर दाबून सोडली तरी ती दाबलेलीच धरली जाते आणि वस्तू ओढता येते. मधुमेहात बोट अडकण्याचा त्रास बऱ्याच जणांना असतो, त्यांना याचा फार उपयोग होतो.

रंगांच्या बाबतीत मात्र आम्ही तिघेही काही काळ गोंधळलो. काकांच्या नकाशांत पाण्याचे नळ आणि विहिरी निळ्या रंगात असत, आणि काळसर पार्श्वभूमीवरची ती निळी रेषा त्यांना दिसेनाशी झाली होती. त्यामागे वैद्यकीय कारण आहे. वयपरत्वे डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. म्हणूनच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण दुसऱ्या दिवशी खिडकीतून पाहून, आभाळ इतके निळे होते का, असे विचारतात. नातू म्हणाला, लेयरचा निळा रंग बदलून आकाशी करू. काका एकदम ओरडले, "हात लावू नकोस!" त्यांच्या जुन्या फायलींत रंगावरूनच छपाईतील रेषेची जाडी ठरत असे, रंग बदलला असता तर कागदावर नळाची रेषा भिंतीएवढी जाड उमटली असती. मग पार्श्वभूमी पांढरी करून पाहिली. निळा उठून दिसला, पण पिवळ्या रेषा गडप झाल्या, आणि पांढऱ्या पडद्याच्या झगझगाटाने काकांनी डोळे मिटून घेतले. मोतीबिंदूच्या सुरुवातीला असा झगझगाट फार बाधतो. अखेर मध्यम करडा रंग निवडला. त्यावर निळा आणि पिवळा दोन्ही बऱ्यापैकी दिसतात. छपाईच्या मांडणीचा कागद पडद्यावर शुभ्र असतो, त्यामुळे काळ्यावरून पांढऱ्यावर जाताना डोळ्यांना धक्का बसे. 'कलर्स' या कळीत जाऊन तोही मंद केला. हा बदल पडद्यापुरताच असतो, छापील कागदाचा रंग त्याने बदलत नाही.

चष्म्याविषयी थोडक्यात सांगतो. पडदा साधारण 50 ते 70 सेंटिमीटरवर असतो. वाचनाचा चष्मा त्याहून जवळच्या अंतरासाठी आणि दूरचा चष्मा फार लांबच्या अंतरासाठी असतो. दुभागी भिंगातून पडदा पाहायचा तर माणूस हनुवटी वर करून खालच्या भागातून पाहतो आणि संध्याकाळी मान दुखते म्हणून माझ्याकडे येतो. पडदा थोडा खाली आणावा आणि नेत्रतज्ज्ञांना 'संगणकाच्या अंतराचा चष्मा हवा' असे स्पष्ट सांगावे. अंतर घरून पट्टीने मोजून न्यावे. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या फार कमी वेळा मिटतात, म्हणून डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. अधूनमधून उठावे, खिडकीबाहेर पाहावे.

शेवटचे काम नातवाने केले आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे. 'प्रोफाइल्स' या पानावर त्याने दोन वेगळी प्रोफाइल तयार केली, एक 'आबा' आणि एक स्वतःच्या नावाची. जो कामाला बसेल त्याने आपले प्रोफाइल निवडायचे. आबांच्या प्रोफाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवली, म्हणजे संगणक बदलला तरी ते परत आणता येईल. त्या चौकटीत काही नोंदींशेजारी छोटे चिन्ह असते. त्या सेटिंग्ज प्रोफाइलमध्ये नव्हे तर त्या त्या फाइलमध्ये साठतात, हेही त्याने आजोबांना दाखवले. घरात एकाच संगणकावर दोन पिढ्या काम करत असतील, तर एवढी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी.

काका पुन्हा कामाला लागले. सूनबाईंचा फोन आला, "बाबा आता जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत." मीही मनातून सुखावलो होतो आणि ही हकीकत येणाऱ्या-जाणाऱ्यांना रंगवून सांगत होतो. पुढे जे घडले ते सांगताना तितका सुखावलेला नाही.

गेल्या वर्षी थंडीत काकांचा फोन आला. "डॉक्टर, वाड्याची सरळ भिंत मध्येच वाकडी दिसते. मोजली तर सरळ आहे. कुठली सेटिंग असावी?" दवाखान्यात गर्दी होती. मी हसून म्हणालो, "काका, पडद्याची असेल. नातवाला विचारा." वाचकहो, हे माझे शब्द आहेत, आणि ते चुकीचे होते. काकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नातवाशी फोनवर बोलून रिझोल्यूशन बदलले, पडद्याची तार काढून पुन्हा लावली, शेजाऱ्याचा पडदा आणून पाहिला. तीन आठवडे गेले. मग एके सकाळी आंघोळ करताना त्यांना स्नानगृहातल्या फरशांची ओळही त्याच जागी वाकलेली दिसली, आणि स्नानगृहाला सेटिंग नसते, हे त्या अनुभवी माणसाच्या ध्यानात आले.

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या केंद्रभागाला मॅक्युला म्हणतात. अक्षर वाचणे, चेहरा ओळखणे, बारीक रेषा पाहणे हे त्याचे काम. उतारवयात या भागाचा ऱ्हास होऊ शकतो. त्याचा कोरडा प्रकार सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात तेथे नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून द्रव पाझरतो, केंद्रभाग फुगतो आणि सरळ रेषा वाकडी दिसू लागते. काकांना हा ओला प्रकार होता, उजव्या डोळ्यात. मधुमेहाने केंद्रभागाला आलेली सूज आणि इतर काही विकारही असेच लक्षण दाखवतात. नेमके काय ते डोळ्याच्या मागच्या पडद्याचे ओसीटी हे चित्र काढून नेत्रतज्ज्ञ ठरवतात. ओल्या प्रकारावर डोळ्यात इंजेक्शन देण्याचा उपचार आहे, प्रारंभी बहुधा महिन्याच्या अंतराने. ऐकून अंगावर काटा येतो, पण डोळा बधिर करून ते देतात आणि काम मिनिटांचे असते. हा उपचार मुख्यतः पुढची हानी थोपवतो. एकदा व्रण झालेला भाग पूर्ववत होत नाही. म्हणून येथे दिवस मोजायचे असतात, आणि आम्ही तीन आठवडे दवडले होते. ते दवडले नसते तर किती नजर वाचली असती, हे कोणी सांगू शकणार नाही. मी स्वतःला ते विचारतो मात्र.

फोनवर मी दोन प्रश्न विचारायला हवे होते. पहिला: मान न हलवता नजर दुसरीकडे नेली की वाकडेपणाही नजरेबरोबर सरकतो का? पडद्याचा दोष असेल तर वाक पडद्यावर एकाच जागी राहतो. डोळ्याचा असेल तर तो नजरेबरोबर हिंडतो. दुसरा: एक डोळा झाकल्यावर काय दिसते? दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा बिघडलेल्या डोळ्याची चूक झाकून टाकतो, म्हणून कित्येकांना महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. यासाठी स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क अॅम्स्लर यांची जाळी वापरतात: 10 सेंटिमीटरचा चौरस, त्यात 5 मिलिमीटरचे चौकोन, मधोमध एक ठिपका. वाचनाचा चष्मा लावून, कागद साधारण 30 सेंटिमीटरवर धरून, एका वेळी एकच डोळा उघडा ठेवून ठिपक्याकडे पाहायचे. रेषा वाकड्या, पुसट किंवा तुटलेल्या दिसल्या, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता एक-दोन दिवसांतच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. पन्नाशी उलटलेल्यांनी, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांनी आणि ज्यांच्या आईवडिलांना हा विकार होता त्यांनी, ही सवय अवश्य लावून घ्यावी. जाळी शाबूत दिसली म्हणून डोळे निरोगी आहेत असे मात्र समजू नये. काचबिंदूसारखे विकार तिने कळत नाहीत, त्यासाठी वार्षिक तपासणी हवीच.

काकांच्या उजव्या डोळ्याला आता मधला भाग धूसर दिसतो. डावा चांगला आहे आणि दर आठवड्याला ते तो जाळीवर तपासतात. ग्रिपचे माप आणखी वाढवले आहे, काम निम्म्या वेगाने चालते. मेणवलीच्या एका वाड्याचा तळमजला पुरा झाला, माडी व्हायची आहे.

जाळीच्या छापील प्रती मी बाजारातून आणणार होतो. काकांनी आणू दिल्या नाहीत. त्यांनी स्वतः ती ऑटोकॅडमध्ये काढली, दोनशे प्रती छापून आणल्या आणि गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला मी त्यातली एक देतो. खालच्या उजव्या कोपऱ्यात, आरेखकाच्या जुन्या शिस्तीने, काकांची बारीक सूचना आहे: स्केल 1:1, पुन्हा छापताना 'फिट टू पेपर' ही खूण काढून टाकावी, अन्यथा चौकोन 5 मिलिमीटरचे राहणार नाहीत.